काचघरातला फ्रीझिया: यंदा तरी फुलणार का?

ओलीमाती | ६ सप्टेंबर

नमस्कार मंडळी,

गेल्या वर्षी बागकामाच्या जुन्या धाग्यावर मी फ्रीझियाचं रडगाणं गायलं होतं. बारा गड्डे, सहा महिने उस्तवार, हातभर लांब पानं आणि फूल एकही नाही. ‘फ्रीझिया म्हणजे नक्की काय गं?’ असं तेव्हा बऱ्याच जणींनी विचारलं होतं. शिवाय यंदाचा प्रयोग चारचौघांसमोर केला तर मध्येच सोडून देता येणार नाही, म्हणून हा स्वतंत्र धागा.

आम्ही इंग्लंडमधल्या यॉर्कशरमध्ये राहतो, लीड्सपासून अर्ध्या तासावर. घर घेतलं तेव्हा मागच्या अंगणात आधीच्या मालकांचं सहा बाय आठ फुटी काचघर आयतंच मिळालं. पहिली दोन वर्षं त्यात सायकली होत्या आणि उन्हाळ्यात माझे पोह्याचे पापड वाळायचे. मग एका एप्रिलमध्ये दुकानात फ्रीझियाचं पाकीट दिसलं. ‘आत्ता लावा, उन्हाळ्यात फुलं’ असं वर छापलेलं. लावले अंगणात, ऑगस्टमध्ये फुलले, आणि मी जी नादाला लागले ती लागलेच.

ज्यांनी फूल पाहिलं नाही त्यांनी ग्लॅडिओलसचं धाकटं भावंड समजावं. पानं तशीच तलवारीसारखी, पण वीतभर. दांडा सरळ वर येतो आणि टोकाशी एकदम काटकोनात वाकतो. त्या आडव्या भागावर कळ्या एका रांगेत उभ्या, कंगव्याच्या दातांसारख्या. दांड्याजवळची आधी उमलते, मग तिच्या पुढची. आणि वास! मोगऱ्यासारखा अंगावर येत नाही. हिरवे धणे चुरडल्यासारखं आधी काहीतरी येतं, मागून गोडवा.

गड्डा साधारण एकपाकळी लसणीएवढा. बूड गोल, वर टोक, अंगावर तपकिरी धाग्यांची जाळी, माडाच्या झावळीच्या बुडाशी असते तशी. कापला तर कांद्यासारखे पापुद्रे नाहीत, सुरणासारखा आत भरीव. पुस्तकी शब्द दृढकंद.

आता चुका. पहिली: ते ऑगस्टमध्ये फुललेले गड्डे जपून ठेवून पुढच्या एप्रिलमध्ये परत लावले. चार पानं आली आणि बसले. नंतर कळलं की एप्रिलमध्ये विकतात ते गड्डे कोठारात ऊब देऊन मुद्दाम उन्हाळ्याला तयार केलेले असतात. ती करामत एकाच वर्षापुरती. पुढे ते आपल्या मूळ वेळापत्रकावर जातात, म्हणजे शरदात फुटायचं, हिवाळाभर वाढायचं, वसंतात फुलायचं आणि उन्हाळ्यात झोपायचं. पाकिटावर यातलं अक्षरही नव्हतं. दुकानात विचारलं तर उत्तर मिळालं, ‘दरवर्षी नवीन घ्या.’ वा रे वा.

दुसरी चूक गेल्या वर्षीची. नवे बारा गड्डे सप्टेंबरमध्ये लावले, बरोबर वेळेला. पण बाहेर गारठा पडायला लागल्यावर माझा जीव कळवळला आणि कुंड्या आणल्या स्वयंपाकघराच्या खिडकीत. खाली रेडिएटर. बावीस अंश, आणि डिसेंबरात आमच्याकडे दिवस जेमतेम साडेसात तासांचा. पानं उंच उंच गेली, मग सिंकमध्ये लोळायला लागली. पुढचं तुम्हाला माहीत आहे.

यंदा २४ गड्डे, चार कुंड्यांत सहा-सहा. कुंडी सहा इंची, माती पोयट्याची, त्यात बारीक खडी. दोन पेरं खोल, टोक वर. सध्या कुंड्या घराच्या उत्तरेला, सावलीत, उघड्यावर आहेत. प्रश्न दोनच: आत कधी घ्यायच्या, आणि काचघरात हीटर किती अंशांवर लावायचा? विजेचं बिल बघून नवरा आत्ताच गंभीर झालाय.

---

बागुलबुवा | ६ सप्टेंबर

पापडांचं पुढे काय झालं ते लिहिलंच नाहीत.

---

शेवंता | ७ सप्टेंबर

ओलीमाती, किती छान लिहिलंयस गं! मी पुण्यात कोथरूडला. मीही ऑनलाइन दहा गड्डे मागवलेत, कालच आले. एका व्हिडिओत सांगितलं होतं की थंड प्रदेशातले कंद आधी दोन महिने फ्रीजमध्ये ठेवायचे, म्हणून भाजीच्या कप्प्यात ठेवलेत. दिवाळीनंतर लावीन म्हणते. चालेल ना?

---

डचवहिनी | ७ सप्टेंबर

शेवंताताई, आधी उठा आणि ते गड्डे फ्रीजमधून बाहेर काढा. मग पुढचं वाचा.

तो फ्रीजचा सल्ला ट्युलिपचा. ट्युलिप डोंगराळ, बर्फाच्या मुलखातला, त्याला झोपेत थंडी लागते. फ्रीझियाचं बरोब्बर उलटं. तो दक्षिण आफ्रिकेतल्या केपचा. तिथे तो कोरड्या, तापलेल्या उन्हाळ्यात जमिनीखाली झोपतो, आणि ती ऊब मिळाली तरच त्याची झोप पुरी होते. झोपेतला गड्डा बरेच महिने थंडीत राहिला तर एक विचित्र प्रकार होतो. कोंब फुटायच्या ऐवजी जुन्या गड्ड्याच्या डोक्यावर नवा गड्डा तयार होतो. पान नाही, फूल नाही, कोष केल्यासारखं आतल्या आत सगळं उरकून पुन्हा झोप. एक वर्ष फुकट.

मी नेदरलँड्समधल्या डेल्फ्टला राहते. इथून सायकलवर गेलं की वेस्टलँड लागतं, जिथे नजर जाईल तिकडे काचच काच. शेजारच्या काकांचा मुलगा फ्रीझियाच्या काचघरात आहे, त्याच्या ओळखीने एकदा आत जायला मिळालं. त्यांची पद्धत अशी: गड्डे तीस अंशांच्या खोलीत सुमारे तीन महिने. तीस! आपल्याकडच्या एप्रिलसारखं. मग लावायचे, आणि लावल्यावर मात्र माती पंधरा-सोळा अंशांच्या वर जाऊ द्यायची नाही. उन्हाळ्यात ते जमावं म्हणून वाफ्यातून नळ्या टाकून गार पाणी फिरवतात. हो, काचघरात पाइप म्हटलं की आपल्याला गरम पाण्याचे वाटतात, तिथे थंड पाण्याचेही होते. मी हात लावून बघितले. त्यामुळे त्यांना बारा महिने फुलं मिळतात. फूल धरण्याचा काळ हा सगळ्यात नाजूक, तेव्हा बारा ते पंधरा अंश हवेत. त्याच्या बरंच वर गेलं की फुलणं लांबतं नाहीतर फुलं वेडीवाकडी येतात.

झोपेत ऊब, जागेपणी गारवा. ओलीमाती, तुझ्या स्वयंपाकघरात नेमकं हेच उलटं झालं. हीटर पाच अंशांवर ठेव, फक्त दंव आत येऊ नये एवढ्यासाठी. नवऱ्याला सांग, बिल फार येणार नाही.

---

शेवंता | ७ सप्टेंबर

काढले! काढले! दीड दिवसच होते आत. आता माळ्यावर ठेवलेत, तिथे चिक्कार गरम असतं. थँक्यू वहिनी.

---

टेबलपर्वत | ९ सप्टेंबर

माझ्या अंगणातल्या विषयावर धागा आणि मला कुणी सांगितलंही नाही.

केपटाऊनहून लिहितोय. इथे सध्या वसंत चालू आहे. पाऊस इथे हिवाळ्यात, मे ते ऑगस्ट. तुम्हा मंडळींना पावसाळा म्हटलं की उकाडा संपल्याचं सुख आठवतं. इथे पावसाळा म्हणजे छत्री उलटी करणारा वारा आणि दोन स्वेटर. डिसेंबर-जानेवारीत टिपूस नाही, गवत पिवळं, डोंगराला वणवे. फ्रीझिया या हिशोबाने जगतो. पहिल्या पावसाला फुटतो, पाऊस सरता सरता फुलतो, आणि उन्हाळ्याआधी पानं वाळवून खाली जातो.

आपल्याकडचं शेवळं आठवा. वर्षभर जमिनीखाली गड्डा गपचूप, आणि पावसाची चाहूल लागली की डोकं वर. तोच स्वभाव, फक्त शेवळाचा पाऊस जूनचा आणि फ्रीझियाचा पाऊस थंडीतला. त्यामुळे ‘थंड प्रदेशातलं फूल’ हे काही खरं नाही. बर्फ त्याला माहीतच नाही. थंड *पावसाळ्यातलं* फूल म्हणा.

रानात पांढरा फ्रीझिया दिसतो, आत पिवळा डाग, किनाऱ्यालगत हर्मानस गावाच्या बाजूला. दुकानातल्यापेक्षा पुष्कळ लहान. पण वास! दुकानातले रंगीत, दुहेरी पाकळ्यांचे प्रकार माणसांनी संकर करून केलेले. रंग वाढवण्याच्या नादात काहींचा वास पार गेला. ओलीमाती, वासासाठी लावत असाल तर प्रकार बघून घ्या.

अवांतर: जमिनीखालचे गड्डे इथे साळिंदर आणि एक आंधळा उंदीर खातात. फ्रीझियाचा एक चुलता आहे, बाबियाना. बाबून माकडं त्याचे गड्डे उकरून खातात म्हणून ते नाव. हे सगळे चोर ओळखून फ्रीझियानेही एक युक्ती ठेवलीय. त्याची काही मुळं जाड असतात, ती आकसतात आणि गड्ड्याला दरवर्षी थोडं थोडं खाली ओढून नेतात. वर नवा गड्डा, खाली खेचणारी मुळं, असा हिशोब बसतो.

---

बागुलबुवा | ९ सप्टेंबर

नाव फ्रीझिया आणि फ्रीजमध्ये ठेवायचा नाही. मग नावात फ्रीज कशाला?

---

टेबलपर्वत | १० सप्टेंबर

बागुलबुवा, फ्रीजचा काही संबंध नाही. एक्लोन नावाचा डॅनिश औषधविक्या १८२३ मध्ये केपला आला आणि दुकान सोडून झाडंच गोळा करत बसला. त्याने आपल्या एका मित्राचं नाव या फुलाला दिलं. मित्र जर्मनीतल्या कील गावचा डॉक्टर, आडनाव फ्रेझ. छापील नोंद मात्र १८६६ ची, क्लाट या दुसऱ्याच वनस्पतिशास्त्रज्ञाने केलेली.

---

नाशिककर_पॉली | १४ सप्टेंबर

माझं दहा गुंठ्यांचं पॉलीहाऊस आहे, जरबेरा. हे वाचून डोक्यात किडा वळवळला. निर्यातीला जमेल का?

---

डचवहिनी | १४ सप्टेंबर

दादा, मातीला गार ठेवायचा खर्च आधी काढा. भारतात हे पीक नीलगिरी, हिमाचल अशा थंड डोंगरांवर होतं ते त्यामुळेच. तुमच्याकडे जानेवारीतही दुपारी पॉलीहाऊसच्या आत किती अंश असतं?

---

नाशिककर_पॉली | १४ सप्टेंबर

कळलं. जरबेराच बरा. :)

---

ओलीमाती | २ नोव्हेंबर

धागा वर काढतेय.

२४ पैकी २१ उगवले. तीन उकरून बघितले, दोन कुजलेले आणि एक तसाच झोपलेला. परत झाकून ठेवला, काय त्याची मर्जी.

गेल्या शनिवारी रात्री दोन अंशांचा अंदाज होता, तेव्हा कुंड्या आत घेतल्या. त्याआधी सायकली बाहेर, काचा साबणाने आतून-बाहेरून धुतल्या. उत्तरेकडच्या बाजूला फुग्यांचं प्लास्टिक चिकटवलं, पार्सलमध्ये येतं ते. दक्षिण बाजू मोकळी ठेवली, उजेड हवा म्हणून. हीटर छोटा, पंख्याचा, पाच अंशांवर.

छतातल्या झडपेची गंमत सांगते. ती आपोआप उघडते, विजेशिवाय. तिच्या बिजागरीशी एक नळकांडं आहे, आत मेण. ऊन आलं की मेण वितळून फुगतं, दांडा ढकलतं, झडप उघडते. संध्याकाळी मेण थिजतं आणि झडप मिटते. मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा घरात कुणीतरी शिरलंय असंच वाटलं होतं.

---

माळीकाका | ३ नोव्हेंबर

ऐका, झडप उघडतेय म्हणून निर्धास्त राहू नका. हिवाळ्यात सूर्य इतका खाली असतो की कित्येक दिवस ते मेण हलणारच नाही. कोरड्या दुपारी दार अर्धा तास उघडं ठेवा. दंव लागलं नाही तर थंडीने फ्रीझिया मरत नाही, कोंदट ओलीने मरतो. काचेवरून ठिबकणारं पाणी पानांवर राहिलं की करडी बुरशी आलीच. पाणी सकाळी द्या, कमी द्या, पानांवर नको.

मी बर्मिंगहॅमजवळ ३५ वर्षं आहे. आमची पहिली घरमालकीण म्हातारी होती, तिला दर फेब्रुवारीत पोस्टाने इंग्लिश खाडीतल्या गर्न्सी बेटावरून फ्रीझियाचा खोका यायचा, मुलगा पाठवायचा. लांबट पुठ्ठ्याचा खोका, आत ओल्या कागदात कळ्या. खोका उघडला की जिन्यापर्यंत वास. गर्न्सीला काचघरं आधी द्राक्षांची होती, मग टोमॅटोची, आणि टोमॅटो परवडेनासे झाले तेव्हा फुलांना महत्त्व आलं. आम्ही नवे होतो, खोलीत एक शेगडी, नाणी टाकून चालणारं गॅसचं मीटर. आणि खालच्या मजल्यावरून हा वास. असो.

---

ओलीमाती | १८ डिसेंबर

काका, तुमचं ऐकलं. रोज दुपारी चहाचा कप घेऊन काचघराचं दार उघडायला जाते. काल बाहेर उणे सहा, आत सव्वातीन. हीटर रात्रभर घुरघुरत होता. पहाटे चार वाजता टॉर्च घेऊन बघून आले. नवरा म्हणाला, मुलं लहान असताना इतकी उठत नव्हतीस.

पानं वीतभर, ताठ. गेल्या वर्षीच्या लोळणाऱ्या पानांशी तुलनाच नको.

एकच तक्रार. दुसऱ्या कुंडीत पानांची टोकं तपकिरी, करपल्यासारखी. बुरशी वाटत नाही. त्या कुंडीत मी उरलेलं सुपर फॉस्फेट चिमूटभर घातलं होतं.

---

नाशिककर_पॉली | १८ डिसेंबर

ताई, तेच कारण. सुपर फॉस्फेट ज्या खडकापासून बनतं त्यात फ्लोराइड असतं. ग्लॅडिओलसवाले जाणतात हे, पानाची टोकं अशीच भाजतात. फ्रीझिया त्याच घराण्यातला म्हणताय, म्हणजे त्यालाही बाधणार. झालेलं पान सुधारणार नाही. पुन्हा घालू नका. कळ्या दिसल्या की पोटॅश द्या. आम्ही शून्य-शून्य-पन्नास हे पोटॅशचं खत देतो, तुमच्याकडे टोमॅटोचं खत मिळतं ते चालेल, अर्ध्या मात्रेत.

(बघा, पीक घेत नाही पण उपयोगी पडतो.)

---

ओलीमाती | २६ जानेवारी

मावा आला. कोवळ्या पानांच्या बेचक्यात, हिरवा. बोटांनी चिरडला, मग साबणाच्या पाण्यात फडकं भिजवून एकेक पान पुसलं. २१ झाडं, तासभर गेला. हा सगळा खटाटोप कशासाठी, तर मावा नुसता रस पीत नाही, एका झाडाचा विषाणू दुसऱ्याला नेऊन देतो. एका झाडाच्या पानावर फिकट पट्टे दिसताहेत. उपटावं का?

---

माळीकाका | २६ जानेवारी

उपटा. आजच. विषाणूला औषध नाही, आणि तो गड्ड्यातही उतरतो. पुढच्या वर्षी तेच दुखणं, गड्ड्याच्या पिल्लांसकट. कंपोस्टमध्ये नको, कचऱ्यात.

---

ओलीमाती | २६ जानेवारी

उपटलं. २०.

---

शेवंता | ११ फेब्रुवारी

पुणे वृत्तांत. नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात दहा लावले, सात आले. मातीची कुंडी, पूर्वेची गॅलरी, सकाळचं ऊन दहापर्यंत. कुंडी दुसऱ्या मोठ्या कुंडीत ठेवून मधल्या फटीत वाळू भरली आणि ती वाळू रोज ओली केली. माठाची युक्ती. जानेवारीत रात्री दहा-अकरा अंश होते तेव्हा जोरात वाढले. दुपारी मात्र तीसला टेकायचं. आज दोघांना दांडे आलेत, एवढेसे, चार बोटं. एकाला तीन कळ्या, एकाला पाच. बाकीच्या पाचांची नुसती पानं.

आई म्हणते, एवढ्या कष्टात निशिगंधाचा वाफा झाला असता. खरं आहे तिचं. पण आज सकाळी पहिली कळी उमलली, पिवळी. मी कुंडी उचलून आईच्या पलंगाशी नेली. पाच मिनिटं काही बोललीच नाही.

---

डचवहिनी | ११ फेब्रुवारी

शेवंता, वाळूची कल्पना जबरदस्त! वेस्टलँडवाल्यांच्या नळ्या काय, तुझी ओली वाळू काय, काम एकच. दोन फुलले हेही पुण्याच्या मानाने मोठं आहे.

---

बागुलबुवा | ११ फेब्रुवारी

+१. माठाची युक्ती सोडून बाकी सगळं डोक्यावरून गेलं, पण धागा सोडवत नाहीये.

---

ओलीमाती | ९ मार्च

मंडळी. दांडे.

पहिला २७ फेब्रुवारीला दिसला. पानांच्या मधोमध चपटं काहीतरी जाड लागलं बोटाला. मी कुणाला सांगितलं नाही, दृष्ट लागेल म्हणून. आज मोजले, २० पैकी १७ झाडांवर आहेत. चिमट्यासारख्या वाकलेल्या माना आणि त्यावर हिरव्या कळ्या.

आता त्या पडायला लागल्यात, वजनाने. भारतात असते तर खराट्याच्या काड्या खुपसल्या असत्या. इथे हेझेलच्या झुडपाच्या फांद्या कापून आणल्या आणि सुतळी बांधली. सुतळी फेब्रुवारीतच बांधायला हवी होती. एक दांडा मोडला तो त्यामुळेच.

डचवहिनी, तुमच्या त्या काचघरात आधाराला काय असतं?

---

डचवहिनी | ९ मार्च

जाळी. वाफ्यावर आडवी, चौकोनी घरांची. झाड वाढेल तशी वर सरकवतात, झाडं घरांतून उगवत जातात. तू कुंडीवर जुनी कांद्याची जाळी ताणून बघ पुढच्या वर्षी.

आणि कापायचा असेल तर पहिली कळी रंग भरून उमलायच्या बेतात असताना काप. बाकीच्या पाण्यात उमलतात. सगळी फुलायची वाट बघितलीस तर फुलदाणीत दोन दिवस.

---

ओलीमाती | २३ मार्च

फुलला.

पहिला पांढरा. सकाळी दार उघडलं तर आतली हवाच वेगळी होती. काचा धुक्याने भरलेल्या, आत सात अंश, आणि तो वास गार हवेत अगदी स्थिर उभा. मी दार लावून आत बसून राहिले, उलट्या बादलीवर.

मग नवऱ्याला हाक मारली. आला, वाकला, नाक लावलं. म्हणाला, ‘कसला वास? मातीचा येतोय.’ मला वाटलं चेष्टा करतोय. परत हुंगायला लावलं. नाहीच येत त्याला. मोगऱ्याचा येतो, फोडणी करपली तर दोन खोल्यांतून येतो, आणि याचा नाही. साडेसहा महिने, हीटर, पहाटेचे चार, आणि त्याला मातीचा वास!

---

टेबलपर्वत | २४ मार्च

त्याला दोष देऊ नका. फ्रीझियाचा वास काही माणसांना खरोखरच येत नाही, हे जुनंच निरीक्षण आहे. या वासात मुख्य लिनालूल नावाचं सुगंधी द्रव्य, ते धण्यातही असतं, म्हणून तुम्हाला धणे आठवले. काही प्रकारांत बीटा-आयोनोन हे दुसरं द्रव्य असतं, व्हायोलेटच्या फुलातलं. आणि बीटा-आयोनोन कळणं न कळणं हे बरंचसं नाकातल्या एका जनुकावर ठरतं, २०१३ मध्ये शास्त्रज्ञांनी ते जनुकही दाखवून दिलं. एकाला अत्तर, दुसऱ्याला काहीच नाही. त्याला तुमच्या पिवळ्याचा वास देऊन बघा, प्रकार बदलला की कधी कधी येतो.

---

ओलीमाती | ८ एप्रिल

पिवळ्याचा आला! ‘चहा पावडरीसारखा’ म्हणाला. काहीही. पण आला.

माळीकाका, तुमचा पत्ता माझ्याकडे आहे. पुठ्ठ्याचा खोका शोधतेय. ओला कागद किती ठेवायचा तेवढं सांगा.

---

माळीकाका | ८ एप्रिल

फक्त दांड्यांच्या टोकांशी. कळ्यांना कोरडा.

---

माळीकाका | १२ एप्रिल

पोचला. सौभाग्यवतींनी उघडला. जिन्यापर्यंत.

---

ओलीमाती | २२ जून

शेवटचा हप्ता.

फुलं गेल्यावर पानं हिरवी होती तोवर पाणी आणि खत चालू ठेवलं, कारण पुढच्या वर्षीचा गड्डा त्या सहा-आठ आठवड्यांतच भरतो. मेअखेरीस पिवळी पडली, पाणी बंद. काल कुंड्या उलट्या केल्या. जुना गड्डा सुकलेल्या चकतीसारखा खाली, त्याच्या डोक्यावर नवा टपोरा, बाजूला हरभऱ्याएवढी पिल्लं. १९ मोठे, पिल्लं ओंजळभर. आणि हो, नोव्हेंबरमध्ये परत झाकलेला तो झोपलेला गड्डाही सापडला. वहिनी म्हणाल्या तसंच, डोक्यावर एक नवा गड्डा, पान एकही नाही.

माती झटकून सगळे कांद्याच्या जाळीत घातले आणि बॉयलरच्या कपाटात टांगायला स्वयंपाकघरातल्या टेबलावर ठेवले. फोन आला म्हणून दहा मिनिटं बाहेर गेले. सासूबाई सध्या इथे आहेत, आमटीची तयारी करत होत्या. परत येऊन बघते तर दोन गड्डे सोललेले, पाटावर.

‘एकपाकळी दिसली म्हणून घेतली, पण वासच नाही हिला,’ म्हणाल्या.

---

डचवहिनी | २२ जून

हाहाहा! अगं पण फेकू नकोस. जाळी गेली तरी डोळा शाबूत असेल तर फुटतात.

---

ओलीमाती | २२ जून

ठेवलेत. सप्टेंबरमध्ये वेगळ्या कुंडीत लावणार, सासूबाईंच्या नावाची पाटी लावून. त्या म्हणतात, फुलला तर व्हॉट्सॲपवर पाठव, नाही फुलला तर पाठवू नको.